मागून दबलेली टॅक्सी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेव्हा कुणावर काही लिहायचं धाडस करतोय, याबद्दल आधीच माफी मागतो.

अमेरिकेत हर्नडनला मी ज्यांच्या तळघरात भाड्यानं राहायचो, ते काका वीतभर लांबीच्या मॉडेल गाड्या बनवायचे. पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचून ते मागच्या चाकांवरचे, गाडीचा भार स्प्रिंगसारखे झेलणारे कमानपाटे करत आणि गाडी बोटानं दाबून म्हणत, "बस, बाळा, बस." काकू ऐकवायच्या, "मला कधी इतक्या प्रेमानं बसायला सांगितलं नाही!"

एका स्पर्धेसाठी त्यांनी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी केली. परीक्षकांनी ती बाद केली. मागून खाली बसलीय, म्हणे, पाटे चुकलेत.

"काका, पाटे बदला की," मी भीतभीत म्हणालो.

"अरे, एअरपोर्टला निघालेली टॅक्सी आहे ती. मागून दबणारच!"

पण नंतर महिनाभर ते कामाच्या टेबलाकडे फिरकले नाहीत.

पुढे नोकरीसाठी मी ईडन प्रेरीला आलो. परवा काकूंची ई-मेल आली. टॅक्सीला यंदा पहिलं बक्षीस मिळालं. पाटे तेच आहेत. काकांनी फक्त टपावर तीन बॅगा बांधल्या, आणि सगळ्यांत मोठीवर माझं नाव लिहिलं.