पाचवी सही

तहसील कचेरीत आमच्या गल्लीतल्या सुमनताई नगरपंचायतीच्या उमेदवारीचा अर्ज घेऊन उभ्या होत्या. पक्ष लहान, म्हणून वॉर्डातल्या पाच सूचकांच्या सह्या हव्यात. मोठ्या पक्षाला एकच पुरते. पाचव्या सूचकाला समोरच्या गटाने सकाळीच ढाब्यावर नेऊन बसवलेलं, फोन बंद. आपल्याकडे माणसाला गप्प करायचं तर आधी पोटभर जेवू घालतात.

"कशाला दगदग करता? निवडून थोड्याच येणार आहात?" कारकून हसला.

"पाडायचं तर लोकांनी पाडावं. तुम्ही दारातूनच कशाला हाकलता?"

मी दाखल्याच्या रांगेत होतो. एरवी कुरिअरवाल्यापुढे सही म्हणून मी नुसती रेघ ओढतो. रांग सोडली आणि पाचव्या जागी वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं, ढाब्यावरूनही वाचता येईल असं.