मागच्या खोलीतला मोडीवर्ग

"आधी रेघ," असं म्हणून मावशी उजव्या हाताचं बोट समोर जे असेल त्यावर डावीकडून उजवीकडे ओढायच्या. टेबलावर, चादरीवर, पोळपाटावरच्या पिठात; एकदा तर माझ्या स्कूटीच्या सीटवर साचलेल्या धुळीत. मोडी लिहिताना कागदावर आधी आडवी रेघ मारून घेतात आणि मग हात फारसा न उचलता अक्षरं तिच्याखाली लिहीत जातात. मावशींनी हा नियम लिपीपुरता ठेवला नव्हता. भाजीला निघाल्या तरी कुठून कुठे जायचं ते हवेत आखून घ्यायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला एकच वाक्य आयुष्यभर पुरतं.

माझी त्यांची ओळख पत्रकामुळे झाली. यात्रेकरू वाढले तसं आमच्या उज्जैनमध्ये प्रत्येक घराला वाटायला लागलं की आपण लॉज व्हावं. पाणी तेवढंच, नाल्या तेवढ्याच, आणि एकेका गल्लीत दहा-दहा पाट्या: 'कमरे उपलब्ध हैं'. आम्ही चार जणांनी मिळून पत्रक काढलं. मजकूर माझा होता. 'घर विकायला काढू नका! म्हातारी माणसं सामान नाहीत!' असं काहीबाही मी त्यात ठणकावलं होतं, आणि ते मला आजही चुकीचं वाटत नाही. टावर चौकाच्या मागच्या गल्लीत मी पत्रकं वाटत होते. एका फाटकापाशी पांढऱ्या केसांची, किरकोळ अंगाची बाई उभी होती. वर फाटकाला पाटी लॉजचीच. मी मुद्दाम तिच्याच हातात पत्रक दिलं.

त्यांनी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. मग उलटं केलं.

"मागून कोरं आहे?"

"हो."

"मग दहा-पंधरा दे."

मला वाटलं, चळवळीला माणूस मिळालं. पुढच्या आठवड्यात गेले तर माझी सगळी पत्रकं त्यांच्या खाटेवर पसरलेली, आणि प्रत्येकाच्या पाठीवर मोडीची वळणदार बाराखडी. माझं तोंड पाहून म्हणाल्या, "तुझा राग चांगल्या कागदावर आहे गं. शाई फुटत नाही."

खाट होती ती मागच्या खोलीत. पुढचं घर सगळं यात्रेकरूंचं. मध्ये ग्रॅनाइट बसवलेलं चकचकीत अंगण. अंगणापलीकडे एक खोली, जिथे पूर्वी कोळसा आणि मोडक्या सायकली असायच्या. मुलानं तिला रंग दिला, पंखा लावला आणि आईला तिथं नेलं. "आई, मागे शांतता आहे," असं तो म्हणाला होता म्हणे. खोटं नव्हतं. इतकी शांतता होती की फोनसुद्धा धड वाजायचा नाही. शेजारच्या उंच हॉटेलानं सिग्नल गिळला होता.

आणि मावशींना सिग्नल हवा होता. त्यांच्या सासऱ्यांचे पूर्वज दरबारात कारकून. मोडी त्या घरात पिढ्यान् पिढ्या मुलांना मिळायची, पण सासऱ्यांच्या वेळी एकाही मुलाला ती नको होती, म्हणून त्यांनी सुनेला शिकवली. ती सून आता दर रविवारी सकाळी फोन पुस्तकाला टेकवून वर्ग घ्यायची. साताऱ्याची एक निवृत्त नर्स, नागपूरचे एक वकील, पुण्याची दोन कॉलेजची मुलं. "हात उचलू नका हो, वकीलसाहेब! कोर्टात उचला," असं त्या ओरडायच्या, आणि पलीकडून हसू यायचं. आठवड्यातल्या बाकीच्या दिवशी त्यांना जेवणाचा डबा देणाऱ्या बाईखेरीज कुणाचाही आवाज ऐकू येत नसे. त्यांची स्वतःची सून पुढच्या खोल्यांच्या चादरींत, मुलगा बुकिंगात. हे मी चिडून लिहीत नाहीये. चिडूनच लिहितेय, पण पाहिलेलं लिहितेय.

वर्ग मात्र मध्येच गोठायचा. चेहरा अडकायचा, तोंड उघडं ते उघडंच.

"झाला का माझा पुतळा?" त्या मला विचारायच्या. "सांग त्यांना, हार घालू नका अजून. येतेय मी."

मुलाला म्हटलं, राउटर पुढच्या हॉलमध्ये आहे, एक वायर मागे ओढा. "अंगण अभी-अभी केलंय ताई, तोडू कसं?" वरून ओढा. "वायर लटकती बुरी दिसते. लोक फोटो काढतात इथं." मग काय? "बाद में देखू ना." उज्जैनच्या आम्हा मराठी लोकांचा हा तिसरा काळ आहे: भूत, भविष्य आणि बाद में देखू.

तेव्हा मी पॉवरलाइन अ‍ॅडॅप्टरची जोडी आणली. टावर चौकातल्या दुकानदारानं दोन पांढरे ठोकळे काढून दाखवले. "दीदी, एक राउटर के पास लगाओ, दूसरा जहाँ चाहिए वहाँ. घर की वायरिंग में से नेट दौड़ेगा. तोड़फोड़ कुछ नहीं." मावशींना हे फार आवडलं. भिंतीतून आधीच गेलेल्या वायरीतून त्यांचा वर्ग जाणार होता. त्यांनी त्या ठोकळ्यांचं नाव ठेवलं 'जुळे'.

पहिल्या दिवशी दोन्ही जुळे हॉलमध्ये शेजारी-शेजारी लावले, बटणं दाबली, दोघांचे तिन्ही दिवे लागले. मधला दिवा लागला की समजायचं, एकमेकांची ओळख पटली. एक उचलून मागच्या खोलीत नेला, लावला. वरचा दिवा लागला. मधला नाही.

मावशी स्टूल ओढून प्लगसमोर बसल्या. "लागला?"

"नाही."

"लाजतोय. पाहुण्याच्या घरी आलाय ना."

मग मी जे जे वाचलं होतं ते ते केलं. एक्स्टेंशन बोर्डातून काढून थेट भिंतीत लावला. फोनचा चार्जर काढला. फ्रिज बंद, कूलर बंद, इन्व्हर्टर बंद. दोघांना पुन्हा एकत्र आणून पुन्हा ओळख करून दिली. पुढच्या घरात खोली-खोलीतून फिरवला, आणि तिथं प्रत्येक प्लगमध्ये मधला दिवा हिरवागार. गुजरातहून आलेल्या एका काकांनी दारातून वाकून विचारलं, "बहनजी, मच्छर की मशीन है क्या? हमारे कमरे में भी लगा दो." स्वयंपाकघरात लागला. व्हरांड्यात, चपलांच्या रॅकशेजारीसुद्धा लागला. अंगण ओलांडलं की मेला.

"अजून एकदा," मावशी म्हणत होत्या. "आधी रेघ. राउटरपासून निघाली, इथवर आली..." बोट भिंतीवरून सरकत सरकत खोलीच्या दाराशी आलं.

ती रेघ कुठे तुटते ते शोधायला मी फाटकापाशी गेले. तिथं भिंतीवर दोन मीटर होते. एक मोठा, घराचा. दुसरा छोटा, नवा, आणि त्याखाली रंगानं मावशींचं नाव.

मुलानं सरळ सांगितलं. पुढचं घर लॉज झालं तसा मीटर धंद्याच्या दरात गेला. मागे आई एकटीच राहते, तिची वीज त्या दरानं का भरायची? म्हणून मागच्या खोलीचं वेगळं घरगुती कनेक्शन घेतलं, थेट खांबावरून. "हुशारी केली ना?" तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता हो तो. हेच तर वाईट आहे. दुष्ट असता तर माझं पत्रक पुरलं असतं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. जुळ्यांना एकाच घराची वायर लागते. आणि विजेच्या हिशेबी मावशी त्या घरात राहतच नव्हत्या.

मागे गेले तर मावशी अजून स्टुलावर. मी सांगितलं, "मावशी, तुमचा मीटर वेगळा आहे, म्हणून."

त्यांचा चेहरा उलट खुलला. "हो तर! माझ्या नावाचा आहे. पाहिलंस ना? घर ह्यांच्या नावानं, गॅस ह्यांच्या नावानं, रेशनकार्डावर मी खालून दुसरी. सगळ्या आयुष्यात एवढीच एक गोष्ट माझ्या नावानं आली. रंगवणाऱ्याला मी म्हटलं, मोठं लिही बाबा."

मला वाटलं, सांगू नये. पण अर्धवट सांगायची मला सवय नाही. म्हटलं, "मावशी, त्या मीटरमुळेच दिवा लागत नाही. पुढच्या घराची वायर तुमच्यापर्यंत येतच नाही."

 मावशी ठोकळ्यावरची नसलेली धूळ पदरानं पुसत म्हणाल्या, "म्हणजे ह्याचं काही चुकलं नाही."

"कुणाचं?"

"ठोकळ्याचं गं."

खोली घराच्या मीटरवर परत घ्या, असं मी मुलाला म्हटलं. तर अर्ज, चकरा, वाढीव दर. बाद में देखू. मी खवळले. मावशींनी मला अंगणात गाठलं. "ए, त्याच्यावर पत्रक काढू नकोस हं. त्याच्याच पाठीवर धडे लिहून टपालानं पाठवते मी वर्गाला. वाचतील."

शेवटी उपाय त्यांनीच काढला. व्हरांड्यातल्या प्लगमध्ये लांब एक्स्टेंशन लावायची, अंगणातून खिडकीपर्यंत ओढायची, टोकाला जुळ्यातला धाकटा. मधला दिवा लागला! मावशींनी टाळी वाजवली. त्या हिवाळ्यात दर रविवारी मी नानाखेड्याहून सकाळी यायचे, वायर अंथरायचे आणि अंगणात पहारेकऱ्यासारखी उभी राहायचे. "संभलकर, भैया, वायर है." आतून आवाज यायचा, "रेघ सरळ, नर्सबाई! सलाईनची नळी नाही ती." चार चळवळी केल्या मी, पण इतकं उपयोगी कधी वाटलं नव्हतं.

मग एका रविवारी एका पाहुणीचा पाय वायरीत अडकला. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. पण तिनं नेटवर लॉजला एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, आँगन में तार बिछाते हैं. मुलगा वायर गुंडाळत म्हणाला, "आई, तुझ्या क्लासच्या चक्करमध्ये माझा धंदा बसेल." आवाज चढवला नाही त्यानं. मावशी "बरोबर आहे तुझं" म्हणाल्या.

त्यानंतरचा वर्ग त्यांनी व्हरांड्यात घेतला. चपलांच्या रॅकशेजारी प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर पाटी, फोन खिडकीच्या कठड्यावर. शालीची टोकं पुन्हा पुन्हा खांद्यावरून घसरत होती. वकीलसाहेब एक जुना कागद वाचत होते, अडखळत, पण वाचत होते. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. तेवढ्यात आतून एक तरुण यात्रेकरू बाहेर आला. राम घाटावर जायची घाई असावी. बादली हातात.

"माताजी, गरम पानी मिलेगा?"

मी उठणार, तोवर मावशी उठल्या. पाटी खुर्चीवर ठेवली. बादली घेतली, आत गेल्या, गीझर लावला, भरली, दोन्ही हातांनी धरून त्याच्या खोलीच्या दाराशी ठेवली. फोनच्या पडद्यावर चार चौकोनांत चार माणसं रिकाम्या खुर्चीकडे पाहत होती. वकीलसाहेबांनी वाचणं थांबवलं होतं. नेट मात्र त्या दिवशी जराही अडलं नाही.

मावशी परत आल्या, खुर्चीत बसल्या, पदराला हात पुसले. "हं. कुठे होतो आपण?"  मग त्यांनी पाटीवर रेघ ओढली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज एवढंच."

"मावशी, तुम्ही का उठलात?" मी नंतर भांडले. "तुमचं घर आहे ते!"

"त्याला कुठे माहीत होतं?" त्या म्हणाल्या. आणि शाल सावरत, "मलाही विसरायला होतं."

पुढच्या रविवारी मी आले तर फाटकावरच म्हणाल्या, थंडी फार आहे, होळीनंतर बघू. 'बाद में देखू' त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. होळीआधीच त्या गेल्या. झोपेत, शांतपणे, असं सगळे म्हणाले. मागे शांतता होतीच.

काही आठवड्यांनी मुलाचा फोन आला. "ताई, आईचे कागद पडलेत, तुम्हाला हवे असतील तर घेऊन जा. नाहीतर रद्दीत देतो." मी गेले.

मागच्या खोलीत डबल बेड होता, टीव्ही होता, एसी होता. दारावर नंबर. भिंतीच्या कडेकडेनं, छपराखालून, एक पांढरी पट्टी पुढच्या घरापासून मागच्या खोलीपर्यंत आली होती आणि तिच्यातून नेटची केबल. अंगणाची एक फरशी हलली नव्हती. वायर कुठेही लटकत नव्हती.

"एसी लावला ना, लोड वाढला," तो म्हणाला. "मग आईचा मीटर काढून टाकला. सगळं एकाच मीटरवर घेतलं. आता नेट मागेपण मस्त चालतं."

खरंच चालत होतं. माझ्या फोननं जुना पासवर्ड आपणहून ओळखला आणि खिशातल्या खिशात थरथरला.

मी कागदांचा खोका उचलला. मला येणाऱ्या सगळ्या वाक्यांच्या शेवटी उद्गारचिन्ह होतं, आणि जिच्यासाठी भांडायचं त्या बाईनंच मनाई करून ठेवली होती. बाहेर पडताना फाटकाजवळ पाहिलं. छोट्या मीटरच्या जागी चार भोकं, आणि त्यांच्याखाली मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव. ते पुसायचं राहिलं होतं.

घरी येऊन खोका उघडला. वर माझीच पत्रकं, पाठकोरी, नीट रचलेली. होळीनंतरच्या वर्गासाठी तयार करून ठेवलेली असणार. पलीकडच्या बाजूनं माझ्या घोषणा उलट्या उमटून दिसत होत्या. अलीकडे, प्रत्येक पानावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक सरळ रेघ. तिच्याखाली काही नव्हतं.