गाडीतली पुढची जागा

पौषातल्या एका बुधवारी डॉक्टरांनी माझ्या मित्राला सांगितलं, की त्याला क्षय झाला आहे. रविवारच्या आगगाडीनं त्याचे वडील त्याला दवाखान्यात घेऊन जाणार, असं त्याच दिवशी ठरलं.

आम्ही तिघं हिंगोलीच्या शाळेत एका बाकावर बसत होतो. तो कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा. दुसरा जवळच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा. शाळेत पायी यायचा आणि आमच्यासाठी पिशवीत हरभऱ्याचे घाटे आणायचा. तिसरा मी. भूगोल आम्ही उर्दूतून शिकलो, आणि जगातल्या सगळ्या पर्वतांची नावं आम्हाला पाठ होती. औंढ्याचे डोंगर मात्र शाळेमागच्या माळावरून निळी रेघ दिसते तेवढेच पाहिले होते.

गुरुवारी तो म्हणाला, "जायच्या आधी मला ती रेघ जवळून बघायचीय."

शेतकरी मित्रानं वडिलांकडून गाडी आणि बैल मागून घेतले. आजारी मित्राचे वडील तयार नव्हते. त्याची आई म्हणाली, "मोकळी हवा पाहिजे असं डॉक्टरच सांगतात. जाऊ द्या त्याला." तिनं पांघरुणं दिली, आणि त्याचं पाणी वेगळं राहावं म्हणून एक तांब्या.

शुक्रवारी पहाटे गाडीत चढण्याआधी त्यानं आम्हाला थांबवलं. आमच्याकडे घाट लागला की गाडीतली माणसं खाली उतरून चालतात. बैलांना ओझं नको म्हणून. वर बसून राहतात ती म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि आजारी.

"घाटात मी उतरणार," तो म्हणाला. "आत्ताच सांगून ठेवतो. मला मढ्यासारखं वर न्यायचं नाही."

शेतकरी मित्र कासरा सोडवत म्हणाला, "घाट तर येऊ दे. अजून कयाधू बी वलांडली न्हाई, अन् हा घाटाचं बोलून राहिला."

शाळेचा जिना चढतानाही त्याला मध्येच थांबावं लागत होतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

कयाधूवर धुकं होतं. बैलांचे पाय दिसत नव्हते, फक्त पाण्याचा आवाज येत होता. पलीकडे चढून आलो तेव्हा सूर्य वर आला, आणि धुकं नदीच्या अंगानं लांबच लांब पडलेलं दिसलं. मग काळी जमीन लागली. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच ज्वारी उभी होती. तिच्या पानांवरचं दव एकदम चमकायला लागलं.

एका ओळखीच्या शेतात हुरडा भाजला होता. नेहमी आम्ही एकाच घोंगडीवर ओंजळी घालून खायचो. त्या दिवशी तो पळसाच्या पानावर आपला वाटा घेऊन बाजूला बसला. वारा कुठून येतो ते आधी पाहिलं, आणि वारा आमच्याकडून त्याच्याकडे जाईल अशी जागा निवडली.

पुढे माळ लागला. ज्वारी संपली, माती संपली, आणि वाळलेल्या कुसळी गवताचा पिवळा रंग नजर पोचेल तिथवर गेला. त्यात काळे धोंडे पडले होते. धनगराची मेंढरं उतारावरून खाली येत होती. लांबून वाटलं, डोंगराचाच एक तुकडा सुटून चालायला लागलाय. निळ्या रेघेचा निळा रंग आता गेला होता. तिच्यात घळी दिसत होत्या, सागाची झाडं दिसत होती, दगडांच्या एकावर एक पायऱ्या दिसत होत्या.

घाटाच्या पायथ्याशी बैलांना पाणी पाजायला थांबलो. मी आणि आजारी मित्र ओढ्यावर गेलो. परत आलो तेव्हा शेतकरी मित्र गाडीपाशी काहीतरी करत होता. बैल जुंपल्यावर तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "गाडी उलार होऊन राहिली."

गाडीत मागच्या अंगाला वजन जास्त झालं की पुढचं जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. त्याला उलार होणं म्हणतात. चढणीवर ते फार वाईट.

"कोणीतरी पुढं धुरेवर बसाया पाहिजे," तो म्हणाला.

"तू बस की," आजारी मित्र म्हणाला.

"मी बसलो तर बैल कोण धरंल? तुझा बाप?"

"मग ह्या पंडिताला बसव," माझ्याकडे बोट दाखवत तो म्हणाला.

"पंडिताचं काय वजन हाय? सगळं डोक्यात, अन् डोकं पोकळ. तूच बस. बैलांसाठी सांगून राहिलो, तुझ्यासाठी न्हाई."

तो धुरेवर बसला. मी मागून चालायला लागलो तेव्हा पाहिलं, सकाळी पुढं ठेवलेल्या कडब्याच्या पेंढ्या आता पार मागच्या टोकाला होत्या.

घाट वळणावळणानं वर जात होता. एका बाजूला काळा कातळ, त्यातून झिरपणारं पाणी, त्या पाण्यावर हिरवं शेवाळ. दुसऱ्या बाजूला सागाचं रान, आणि त्याची मोठी पानं थंडीनं तांबूस झालेली. प्रत्येक वळणाला पुढचं सगळं आधी त्याला दिसायचं. मला दिसायचं ते मफलर गुंडाळलेलं त्याचं डोकं. ते उजवीकडे वळायचं, वर जायचं, आणि तिथंच थांबायचं. त्यावरून मला कळायचं, की पुढं काहीतरी मोठं आहे.

शेवटच्या वळणाआधी त्यानं हाक दिली, "थांबव."

"काहून?"

"उतरतो."

"गाडी उलार—"

"पेंढ्या मागं कोणी नेल्या, ते मी ओढ्यावरून पाहिलंय. एवढं ऐकलं तुझं. आता बास."

बोलता बोलता त्यानं खाली उडी टाकली, आणि गाडी खरोखरच उलार झाली. जू वर गेलं, बैलांनी माना ताणल्या, आणि शेतकरी मित्रानं जुवाला मिठी मारली. त्याचे पाय जमिनीवरून सुटले. तो लोंबकळत ओरडत होता, "पंडिता, पेंढ्या वढ! काय बघून राहिला!"

आजारी मित्र हसायला लागला. हसता हसता खोकला सुरू झाला आणि तो कातळाला टेकला. खोकला थांबल्यावर त्यानं रुमालाची घडी घातली, आम्हाला न दाखवता खिशात ठेवली, आणि डोळे पुसत म्हणाला, "घे, आणखी फसव."

मी पेंढ्या पुढं ओढल्या. तरी शेतकरी मित्राचं समाधान होईना. त्यानं रस्त्याकडेचा एक धोंडा उचलून धुरेजवळ ठेवला. "आता हा बसंल तुझ्या जागी," तो म्हणाला. "हा तरी गुमान बसतो."

मग आजारी मित्र चालला. एक हात त्यानं बैलाच्या पाठीवर ठेवला होता. चार पावलं टाकायचा, उभा राहायचा, आणि तो उभा राहिला की गाडीही उभी राहायची. आम्ही पुढं गेलो नाही. बैलांनीही घाई केली नाही.

वर पोचलो. रस्ता संपल्यासारखा झाला आणि समोर सगळं उघडलं. खाली डोंगरांच्या मधोमध औंढ्याची वस्ती, आणि तिच्यात नागनाथाचं देऊळ, मुठीत मावेल एवढं. त्याच्यापलीकडे डोंगर, त्या डोंगरामागे फिकट डोंगर, त्यामागे त्याहून फिकट. शेवटचा कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं ते ठरवता येईना. पाठ केलेल्या नावांतलं एकही मला आठवलं नाही. आवाज फक्त वाऱ्याचा होता आणि त्याच्या श्वासाचा.

तो म्हणाला, "एवढं सगळं इथंच होतं?"

"व्हय," शेतकरी मित्र हळू म्हणाला. "कुठं जातंय ते."

त्याचा श्वास खाली बसेपर्यंत आम्ही तिथं उभे होतो. मग तो आपणहून गाडीकडे आला. पांघरुणाकडे बोट दाखवून म्हणाला, "आता मला आजाऱ्यासारखं न्या. आता चालेल." आम्ही त्याला पेंढ्यांवर निजवलं. परतीच्या उतारभर तो उताणा पडून आभाळ बघत होता.

रविवारी आम्ही स्टेशनवर गेलो. वैशाखात दवाखान्यातून त्याच्या वडिलांना तार आली.

शेतकरी मित्र अजून त्याच वाटेनं गाडी नेतो. कधी मीही बरोबर असतो. घाटात आम्ही दोघं खाली उतरून चालतो. धुरेजवळ तो धोंडा असतो.