स्पेनवाला आणि आमच्या अक्का

माझ्या थोरल्या जाऊबाईंना एका स्पॅनिश कादंबरीकाराचं नाव कधीच धड उच्चारता आलं नाही. दोनचारदा प्रयत्न करून त्यांनी नाद सोडला आणि ‘तुझा तो स्पेनवाला’ असं म्हणायला लागल्या. चार शतकांपूर्वीच्या त्या माणसाविषयी त्या अशा बोलत, जणू तो भालकीच्या बाजारात अधूनमधून भेटणारा एखादा सोयरा असावा. मी कॉलेजात त्याच्यावर नोट्स काढल्या होत्या, परीक्षेत लिहून चांगले गुणही मिळवले होते. पण त्याचं शहाणपण माणसाच्या कामी येतं, हे मला आमच्या घरातच कळलं.

आमचं गाव कर्नाटकात, बीदरजवळच्या जनवाड्याच्या पुढे आहे. माझं माहेर उदगीरचं. लग्नानंतर मी बीदरला एका मराठी शाळेत शिकवायला लागले. नवरा हैदराबादला नोकरीला, शनिवारी यायचा. शेती थोरले दीर बघायचे. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो आणि जाऊबाईंना अक्का. अक्का भालकीकडच्या, कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. घरात मराठी, बाहेर कन्नड, बाजारात दखनी उर्दू, असं त्यांचं बोलणं सहज रूळ बदलायचं. मराठी वाचता मात्र येत नव्हतं.

अण्णांना ग्रामपंचायतीत जायची फार हौस होती. ते उभे राहणार तेवढ्यात आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. मग त्यांनी अक्कांना उभं केलं. अक्का निवडून आल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून गाव अण्णांना मेंबर म्हणायला लागलं. सभेला अण्णा जायचे. कागद घरी यायचे, अक्का पिठाचे हात पुसून सही करायच्या. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. अण्णा काम मनापासून करायचे, तेव्हा तक्रारीला जागाही नव्हती.

त्या उन्हाळ्यात अक्कांना कावीळ झाली. डॉक्टरांनी महिनाभर पडून राहायला सांगितलं. ज्या बाईनं लग्नानंतर दुपारी कधी पाठ टेकली नव्हती, ती दिवसभर छताकडे बघत पडलेली. मला सुट्ट्या होत्या. मी त्यांच्या खाटेशेजारी बसून वाचत असायची. एक दिवस त्या म्हणाल्या, “काय वाचायलीस गं एवढं? मोठ्यानं वाच की. मला तरी काय काम हाय?”

माझ्या हातात त्याच स्पॅनिश लेखकाची कादंबरी होती, संक्षिप्त मराठी अनुवाद, कॉलेजच्या दिवसांतला. मी वाचायला लागले.

पहिले काही दिवस अक्कांना राग यायचा. त्यातला म्हातारा गृहस्थ जुन्या शौर्यकथा वाचून घराबाहेर पडतो, चांगलं करायला जातो आणि जिथं तिथं मार खातो. “हा लिहिणारा लई निर्दयी दिसायलाय,” त्या म्हणाल्या. “म्हाताऱ्या माणसाला कामून इतकं बडवायलाय?”

“पुढं ऐका,” मी म्हणाले.

आठवडाभरानं त्यांचा सूर बदलला. त्यांच्या एक लक्षात आलं, जे माझ्या नोट्समध्ये कुठेच नव्हतं. त्या म्हणाल्या, “मार खाऊन पडला की हा लिहिणारा त्याला तसाच टाकून पुढं जात न्हाई बघ. कुणीतरी येतंय, उठवतंय, पाणी पाजतंय. हसतोय, पण हात सोडत न्हाई.” मी पुस्तक मिटलं. मग त्यांनी भाताची पेज मागितली आणि विषय तिथं थांबला.

खरा बदल झाला तो म्हाताऱ्याच्या सेवकाला राज्य मिळतं त्या भागात. त्या म्हाताऱ्याबरोबर एक अडाणी शेतकरी सेवक म्हणून फिरत असतो. काही बडे लोक त्याची थट्टा करायची म्हणून त्याला एका गावाचा कारभारी करतात. सगळे हसायला टपलेले. आणि तो माणूस तक्रारी ऐकतो, दोन्ही बाजूंना नीट विचारतो, असा न्याय देतो की हसणारे गप्प बसतात. पुढं एक दिवस, हे आपलं काम नव्हे असं वाटल्यावर तो खुर्ची सोडतो, गाढवाच्या गळ्यात पडून रडतो आणि रिकाम्या हातानं आपल्या वाटेनं निघतो.

वाचून झालं तेव्हा अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला वाटलं, झोपल्या. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “परत वाच ते.”

मी परत वाचलं.

“त्याला थट्टेनं का होईना, बसवलं तरी खुर्चीवर,” त्या म्हणाल्या. “मला तर निवडून दिलंय लोकांनी.”

अक्का बऱ्या झाल्या. पाऊस सुरू व्हायच्या आधी पंचायतीची सभा लागली. आदल्या संध्याकाळी अण्णा जेवत असताना अक्का ताटात भाकरी वाढत म्हणाल्या, “उद्या सभेला मी जाणार हाय.”

अण्णांनी घास थांबवला. “कामून? माझं काय चुकलं?”

“तुमचं काय चुकलं न्हाई. मेंबर मी हाय, म्हणून जायलीय.”

“लोक हसतील.”

“हसू द्या. त्याला बी हसले होते.”

“कुणाला?”

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “पुस्तकातल्या एका माणसाला, अण्णा.”

“कुठल्या गावचा?”

“स्पेनचा,” अक्का म्हणाल्या आणि वरण वाढायला वळल्या.

अण्णा हात धुऊन अंगणात गेले. राग होता की दुखावले होते, मला सांगता येणार नाही. सकाळी मात्र त्यांनीच मोटरसायकल काढली. मला म्हणाले, “तू बी जा तिच्यासंगं. एकटी जाऊ नको म्हणावं.” मोटरसायकलवर अक्कांनी बसायला नकार दिला. पंचायत गावातच होती. आम्ही दोघी चालत निघालो आणि अण्णा बरंच अंतर ठेवून, गाडी ढकलत मागून येत राहिले.

सभेतलं बोलणं सगळं कन्नडमध्ये. मी दाराजवळच्या बाकावर बसले, अर्धं कळत होतं, अर्धं शेजारच्या बाईला विचारत होते. अक्का आत जाऊन खुर्चीवर बसल्या तेव्हा कुणीतरी म्हणालं, आज मेंबरच्या जागी मेंबरच आलाय वाटतं. हशा झाला. अक्काही थोड्या हसल्या.

विषय होता पाण्याच्या टाकीचा. आमच्या वॉर्डात एक छोटी टाकी मंजूर झाली होती. वरच्या गल्लीला ती वर हवी होती, खालच्या गल्लीला खाली. दोन्हीकडची पुरुषमाणसं उभी राहून भांडायला लागली. अण्णाही या भांडणाला मागच्या सभांत कंटाळले होते. अक्का बराच वेळ ऐकत बसल्या. मग त्यांनी वरच्या गल्लीच्या पुढाऱ्याला विचारलं, “आता तुमच्या घरी पाणी कुठून भरतात?”

त्यानं एका बोअरचं नाव सांगितलं.

“ती तर गेल्या वर्षापासून बंद हाय,” अक्का म्हणाल्या. मग खालच्या गल्लीच्या माणसाला विचारलं, “तुमच्या घरी किती वाजता भरतात?”

तो गडबडला. म्हणाला, “ते घरी विचारून सांगतो.”

आता लोक हसले ते त्या दोघांना, पण अक्का हसल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, “घरी विचारूनच सांगायचं तर घरच्यांनाच बोलवू या. पुढच्या आठवड्यात पाणी भरणाऱ्या बाया येतील. त्या सांगतील तिथं टाकी.”

अध्यक्षांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा दाराबाहेरच्या कडुलिंबाखाली उभे होते. ते म्हणाले, “माझ्याकडं काय बघायलात? मेंबर तिथं बसल्यात.”

हे वाक्य ऐकून अक्कांनी मान खाली घातली. घरी आल्यावर त्यांनी अण्णांसाठी गुळाचा शिरा केला, एवढंच मला माहीत आहे.

पुढच्या आठवड्यात बाया आल्या, कडेवर लेकरं घेऊन. पहिल्यांदा त्याही भांडल्या. मग त्यांनी जागा ठरवली ती अंगणवाडीच्या मागच्या मोकळ्या तुकड्यात, जी दोन्ही गल्ल्यांतल्या एकाही पुरुषानं सुचवली नव्हती. वरच्या गल्लीतली दोन घरं आजही कुरकुर करतात, त्यांना लांब पडतं. अक्का त्यांना भेटून आल्या, म्हणाल्या, सगळ्यांचं समाधान होत नसतंय, पण तुमचं ऐकलं नाही असं म्हणू नका. टाकी झाली. पाणी येतं.

त्यानंतर त्यांनी एकही सभा चुकवली नाही. कधी चुकीचं बोलल्या, कधी एखाद्या अधिकाऱ्यानं कन्नडमधल्या अवघड शब्दांनी त्यांना गप्प केलं. अशा दिवशी रात्री घरी येऊन त्या तो शब्द मला विचारायच्या, मला कन्नड जेमतेम कळतं हे विसरून. मग आम्ही दोघी अण्णांकडे जायचो.

मुदत संपली तेव्हा लोक म्हणाले, परत उभ्या राहा. या वेळी अण्णांनी स्वतः आग्रह केला. अक्का म्हणाल्या, “नको. मला जे करायचं होतं ते झालं. आता शेळ्या बघते.” मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला तर म्हणाल्या, “जाताना हलकं जायचं असतंय. तुझ्या स्पेनवाल्याला हे ठाऊक होतं.”

लोक मला विचारतात, इतक्या जुन्या, परक्या देशाच्या लेखकात आपल्यासाठी काय आहे. मी आता अडखळत नाही. त्यानं आपल्या माणसांची थट्टा केली आणि तरी त्यांची किंमत कमी होऊ दिली नाही. असं करणारा लेखक कुठल्याही गावात परका नसतो.

सध्या आमच्या वॉर्डातून एक नवीन सून निवडून आलीय. परवा ती नवऱ्याला घेऊन अक्कांकडे आली होती. अक्कांनी दोघांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, “तू तिला सभेला सोडायला जा बाबा. पण आत जाऊ नको. बाहेर लिंबाखाली बस, सावली चांगली असतीय तिथं.”