काचांवरून गेलेली केबल

ज्या माणसानं माझी वाट अडवली त्याच्यासाठी प्रार्थना कर, असं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, तेव्हा मी स्पष्ट म्हणालो, "ओठ हलवीन, मन हलणार नाही." मोशीच्या पुढं, चाकणच्या रस्त्याला माझं पत्र्याचं शेड आहे. दुसऱ्यांच्या कारखान्यांत लोखंड घासण्याचं काम करत मी ते उभं केलं. शेजारी तात्यांचं घर. मधल्या मोकळ्या जागेत माझा टेम्पो वळायचा, तात्यांनी शब्दच दिला होता. मग एके दिवशी त्यांनी तिथं भिंत घातली आणि वर काचा रोवल्या. तेव्हापासून लोखंडी माल हातगाडीवर घालून रस्त्यापर्यंत ढकलावा लागतो. उपासनेत शेजाऱ्यावरच्या प्रीतीचा उपदेश सुरू झाला की मला ती भिंतच दिसायची आणि मी दातओठ खायचो.

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी, कारण त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाईट बंद ठेवतात. त्या गुरुवारी मी शेडवर असण्याचं काही कारण नव्हतं. जनरेटरच्या मिस्त्रीला मी शनिवारी यायला सांगितलं होतं. तो गुरुवारीच येऊन दारात उभा राहिला आणि फोन केला. मी चडफडत गेलो, त्याला नको नको ते बोललो. तो म्हणाला, "शेठ, तुम्हीच गुरुवार सांगितला. आता आलोय तर करून टाकतो." मी शनिवारच म्हणालो होतो, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे.

जनरेटर धडधडायला लागला आणि भिंतीपलीकडून हाका सुरू झाल्या. तात्यांच्या आईला नुकतंच दवाखान्यातून घरी आणलं होतं, ऑक्सिजनच्या मशीनवर. इन्व्हर्टर बंद पडला होता, जवळचा सिलिंडर संपत आला होता आणि दुसरा आणणारी गाडी चाकणच्या चौकात अडकली होती.

"भावा, तुझं मशीन चालू हाय नव्हं?" तात्या ओरडले. "म्हातारीला धाप लागलीय रं!"

"केबल आणायला वाट कुठं ठेवलीय तुम्ही?" मीही ओरडलो. "फिरवून आणली तर पुरणार नाही. वरून टाकली तर तुमच्याच काचा कापतील तिला!"

"शिव्या मागनं घाल. आधी वायर टाक!"

रागानं माझे कान तापले होते. घासाघीस हा माझा स्वभावच, ती मी प्रभूशीही सुरू केली. मी केबल देतो, तू ही भिंत पाडून दे. पलीकडून काकूंचा, तात्यांच्या पत्नीचा, आवाज तेवढा आला, "आत्याबाई, डोळं उघडा... आत्याबाई!"

मी शिडी लावली. काचांवर पोत्यांची चळत टाकली, वर चढलो, तळहात कापून घेतला आणि केबल पलीकडं सोडली. मिस्त्रीनं खालून जोडून दिली. थोड्या वेळानं काकू ओरडल्या, "सुरू झालं!" मी शिडीवरच टेकलो. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

भिंत आजही उभी आहे. तात्यांनी केबलपुरत्या हातभर काचा तोडल्या, बाकीच्या तशाच. विचारलं तर म्हणाले, "उपकार हायेत तुझे. पन जागा आमचीच हाय." माझा राग गेलेला नाही. आधी राग जाईल, मग प्रीती येईल, मग हात हलतील, असा माझा हिशोब होता. प्रभूनं तो सौदा मान्य केला नाही. माझ्या मनाला न विचारता त्यानं माझे हात वापरले. आता दर गुरुवारी मी जातो आणि जनरेटर सुरू करतो.

म्हातारी आता उठून बसते. गेल्या गुरुवारी तिनं भिंतीपलीकडून स्वतःच हाक मारली, "कोन हाय रं तिकडं? लई आवाज करतंय तुझं मशीन. धूरबी येतोय. त्वांड फिरव की त्याचं!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "प्रभू, ऐकलंस?" एवढंच म्हणालो. मग जाणवलं, तिला ओरडण्याइतका श्वास आहे. त्याबद्दल प्रभूचे आभार मानले आणि जनरेटरला खांदा लावून तो दुसऱ्या बाजूला फिरवला.