उसाच्या बांधावरची आई

कोल्हापुरातल्या कसबा बावड्याहून निघाले तेव्हा आई गाडीपर्यंत आलीच नाही. घरामागच्या उसाच्या बांधावर जाऊन उभी राहिली. बाबांनी हाक मारली, तर तिथूनच ओरडली, "जाऊ द्या तिला, ऊन व्हायच्या आत!" लग्नानंतर मी नवऱ्याबरोबर नेदरलँड्सला निघाले होते. एकुलती एक मुलगी.

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. मी गेल्यावर त्यांनी आईला त्याच बांधावर उभं करून तैलचित्र सुरू केलं. गेल्या वर्षी आई अचानक गेली. मी पोचले तेव्हा रक्षाविसर्जनही झालं होतं. परत निघताना बाबांनी तो कॅनव्हास गुंडाळून माझ्या हातात दिला.

आता तो इथल्या फ्लॅटमध्ये आहे. शेजारीण म्हणाली, किती शांत बाई! मला ती शांत दिसत नव्हती. कमरेला पदर खोचलेला, केसांवर ऊन, मागे हिरवागार ऊस. पण तोंड फिरवलेलं. उजवा हात तर नुसता रंगाचा फटकारा. मला वाटायचं, माझ्यावरचा राग आहे हा. तुम्हीही घर सोडून आला असाल, तर तुम्हालाही मागच्यांच्या फोटोंत असलं काहीबाही दिसत असेल.

शेवटी रविवारी फोनवर बाबांना विचारलंच. "आई रागावली होती का हो माझ्यावर?"

"राग कसला? तिला उभं करायचं म्हंजे तापच होता बघ. जरा रंग लावला की म्हणायची, घरात फोन वाजतोय, पोरीचा आसंल. वाजत न्हाय गं, म्हटलं तरी पळायची. तोंड घराकडं हाय ते त्यापायी. हात काढूच दिला न्हाय."

"मोबाईल बांधावर न्यायचा ना!"

"चिखलात पडून बिघडला तर पोरीनं फोन करायचा कशावर, म्हणायची."

मग बाबाच म्हणाले, "ये एकदा चित्र घेऊन. हात पुरा करतो. ध्यानात हाय की मला."

घर कुठं, असं इथं कुणी विचारलं की मी कोल्हापूर म्हणते. बाबांच्या चित्रात मात्र घर नाही. आई बघतेय त्या बाजूला, कडेच्या बाहेर कुठंतरी ते आहे. तिथं ती अजून पोचायची आहे, आणि मीही.