खांबापाशी ठेवलेले हातबॉम्ब

आमच्या पासेन्डाल गावच्या शेतांत नांगर फिरला की शंभर वर्षांपूर्वीच्या पहिल्या महायुद्धातले बॉम्ब वर येतात. शेतकरी ते विजेच्या खांबाच्या बुंध्याशी ठेवतो आणि पुन्हा ट्रॅक्टरवर चढतो. लष्कराची गाडी येऊन घेऊन जाते. त्यावर कोणी बोलत नाही.

ओडील फान्ड्रोम बोलायचे. डेअरीत दुधाचे नमुने तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, पण जीव अडकला होता जुन्या हातबॉम्बमध्ये. नेहमीचे इंग्रज-जर्मन त्यांना नको असत. कंदिलासारखा रशियन, लाकडी फळीला बांधलेला फ्रेंच, असे वाट चुकून आलेले हवेत. सगळे बाजारातून घेतलेले, पोकळ, तळाशी उघडे. शेतातला एकही नाही. गंज ते हाडाच्या पट्टीनं खरवडायचे, मग मेण चोळायचे. तळाच्या स्क्रूच्या आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवून देश सांगायचे.

मी गेंटहून साहित्याची पदवी घेऊन आले. नोकरी मिळेना, म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागले.

"कवितांना गंज चढतो का गं, पोरी?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"चढतो की."

"मग ये. तुला सवय आहे."

त्यांची बायको इर्मा कॉफी ओतत म्हणाली, "माझी लग्नातली अंगठीपण खरवडलेलीच असणार बघ."

त्यांचा नियम एकच होता. "ओळखीचं नसेल तर खांबापाशी. वाद घालायचा नाही. आणि खांबापाशी ठेवलेलं परत उचलायचं नाही." त्यांच्या भावाचा हात असाच एक परत उचलताना गेला होता.

अपवादही एकच. नासपतीच्या आकाराचा, उभ्या पन्हळींचा एक हातबॉम्ब. आत रिकामा, म्हणून घरात राहिला. पण कुठला, ते त्यांना कधीच कळलं नाही. त्याला ते 'अनाथ' म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात ओडील इर्माला "बाई, तुम्ही" म्हणायला लागले. डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते आम्हाला आधीच दिसलं होतं. एका सकाळी ते पूर्ण भानावर होते. अनाथ हातात धरून, माझ्याकडे बघून म्हणाले, "याचं गाव मला कळायला हवं, पोरी. मला कळतंय तोवर."

मी अनाथाचा फोटो घेऊन जुन्या बाजारांतून हिंडले. शेवटी चेक देशातून आलेल्या एका म्हाताऱ्या विक्रेत्यानं तो ओळखला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली.

त्यांच्या घरासमोरच्या वळणावर, खांबापाशी लष्कराची गाडी उभी होती. बुंध्याशी ढीग होता. मला आधी बटाटे वाटले. मग तो चमकला. मेण लावलेला होता. वर कंदिलासारखा रशियन.

"हे रिकामे आहेत," मी सैनिकाला म्हणाले. "माझ्या ओळखीच्यांचा संग्रह आहे."

"सगळे असंच म्हणतात, ताई. खांबापाशी होते ना?"

"हो, पण–"

"मग झालं. मागे सरका."

गाडी गेली. ओडीलच्या घराच्या दारात चिखल लागलेली हातगाडी होती.

"कुणीतरी आपल्या घरात बॉम्ब आणून ठेवले होते," ओडील मला म्हणाले. "फळ्या भरून. एकही ओळखीचा नाही. या बाई घाबरल्या असत्या."

"मी पाव आणायला गेले होते," इर्मा म्हणाली. तिच्या हातात पाव तसाच होता.

ओडीलनी स्वेटरच्या खिशातून अनाथ काढला. "हा तेवढा आपला."

त्यांना आता काय कळत होतं, मला माहीत नाही. पण तेवढं एकच द्यायला मी आले होते.

"त्याचं गाव सापडलं, ओडील. बोहेमियातला आहे, चेक मुलखातला. देवळाच्या घंटा ओतणाऱ्यांनी युद्धाच्या सुरुवातीला थोडे ओतले होते."

त्यांनी तो फिरवला. आट्यांवर नख नेलं. बराच वेळ.

"बोहेमिया," ते म्हणाले. "तिथलं मी कुणाला ओळखत नाही."

ते बूट घालायला लागले.

"ओडील, कॉफी पिऊन जा," इर्मा म्हणाली.

"आलोच, बाई."

आम्ही खिडकीतून बघत होतो. त्यांनी तो खांबाच्या बुंध्याशी ठेवला. हलकेच, तोंड रस्त्याकडे न करता, मला शिकवलं होतं तसं. हात विजारीला पुसले.

इर्मानं त्यांचा कप बशीनं झाकला. आमच्यापैकी कोणीही बाहेर गेलं नाही.